‘पोरगं हाताबाहेर गेलंय’

मराठवाड्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय : ‘पोरगं हाताबाहेर गेलंय.’ चौदा ते एकोणीस वयातल्या कुणाहीबद्दल ते म्हटलं जातं. उलट बोललं, हाताबाहेर गेलं. नापास झालं, हाताबाहेर गेलं. दिवसभर खोलीचं दार लावून बसलं, तरी तेच. या वाक्यात पोराबद्दल माहिती फारशी नसते. असते ती बोलणाऱ्याच्या हाताबद्दल. तो हात रिकामा झाला, एवढंच त्यातून कळतं. पोराला काय हवं होतं, हे कळत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास आपण राजकारणाचा, दुष्काळाचा आणि शिक्षणाचा म्हणून वाचतो. तोच इतिहास एक साधा प्रश्न घेऊनही वाचता येतो. जेव्हा जेव्हा इथली पोरं ‘बिघडली’, तेव्हा त्यांना कमी काय पडत होतं? आणि ते कुणाच्या लक्षात आलं?

वसतिगृहातलं गाणं

१९३८ साली नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव. दोन्हीकडे कॉलेज नव्हतं. मॅट्रिकनंतर शिकायचं तर हैदराबादला नाहीतर औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजला जायचं. नांदेडहून दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंतर. तिथं पोचल्यावर शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत देण्याचा प्रयोग केला होता. विज्ञानापासून कायद्यापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उभारलं होतं. प्रयोग म्हणून तो मोठाच होता. पण घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पोरासाठी एक परकी भाषा जाऊन दुसरी आली, एवढाच त्याचा अर्थ झाला. गावाकडे सभा घ्यायची तर आधी परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. म्हणजे मनातलं बोलायला शाळेत भाषा नाही आणि शाळेबाहेर जागा नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतली पोरं प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. पोरांनी ऐकलं नाही. संप झाला, तो एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेला. माफी मागा, पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. बहुतेकांनी नकार दिला आणि शेकडो पोरांची नावं कमी झाली.

त्यांच्या घरी काय झालं असेल, याचा विचार करून बघा. कुणाच्या बापाने सावकाराकडून पैसे काढले असतील, कुणाच्या आईने दागिना मोडला असेल. सतरा-अठरा वर्षांचं पोर एका गाण्यापायी कॉलेज घालवून परत येतंय. त्या घरांत ‘हाताबाहेर गेलंय’ हेच वाक्य उच्चारलं गेलं असणार.

पोरांना हवं काय होतं? आज आपण एका शब्दात ‘स्वातंत्र्य’ म्हणतो. ते खरंच आहे, पण त्या वयाच्या मापाने बघितलं तर मागणी याहून साधी होती. जिथं आम्ही राहतो, जेवतो, झोपतो, तिथं दिवसातली काही मिनिटं आमची असावीत. आमच्या आवाजाला कुणीतरी ओ द्यावी.

ती ओ नागपूर विद्यापीठाने दिली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना तिथं प्रवेश मिळाला. त्यांत वरंगळकडचा सतरा वर्षांचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला, पण तो मुद्दा वेगळा. पंतप्रधान न झालेल्या बाकीच्या शेकडो पोरांनाही त्या दाराची तेवढीच गरज होती. नागपूरला पोरांनी आधी माफी मागावी, अशी अट नव्हती. एका विद्यापीठाने ज्याला शिस्तभंग म्हटलं, त्याकडे दुसऱ्याने शिकायची इच्छा म्हणून पाहिलं.

हिप्परगा, नांदेड आणि एक नापास मुलगा

हे वाचता येणारे काही मास्तर मराठवाड्यात आधीपासून होते. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झाले. आपण त्यांना लढ्यामुळे ओळखतो. पण ते आधी शिक्षक होते, आणि संस्थान मोकळं झाल्यावर पुन्हा शिक्षणाकडेच वळले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. बारा वर्षांपूर्वी जी गरज वसतिगृहात गाण्याच्या रूपात बाहेर आली होती, तिला गावातच मिळालेलं हे उत्तर होतं.

याच नांदेडात एक दुसरी गोष्ट घडली. नरहर कुरुंदकर, जन्म १९३२. शिकायला ते हैदराबादला मामांकडे होते. मामा डॉ. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. अशा घरातला भाचा इंटरला नापास झाला, आणि तोही एकदा नव्हे. प्रगतिपुस्तकावरून पाहिलं तर पोरगं वाया गेलं होतं. प्रत्यक्षात ते प्रचंड वाचत होतं. इतिहास, धर्मशास्त्र, काव्यशास्त्र, मार्क्सवाद, जे हाताला लागेल ते. परीक्षेला नेमलेलं तेवढं मात्र त्यात मागे पडत होतं.

नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेने हातात पदवी नसताना त्यांना शिक्षक म्हणून घेतलं. पदव्या नंतर आल्या. पुढे ते पीपल्स कॉलेजात मराठी शिकवू लागले आणि तिथलेच प्राचार्य झाले. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ लिहिणारा हा विचारवंत महाराष्ट्राला माहीत आहे. पण मला त्या शाळेतल्या नेमणुकीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी निकालाच्या कागदापलीकडे पाहिलं. या मुलाची भूक वेगळी आहे, एवढं ओळखलं आणि त्याला वर्ग दिला.

प्रत्येक नापास मुलात कुरुंदकर दडलेला असतो, असं मी म्हणत नाही. ते खोटं आहे आणि पोरांवर अन्यायही. नापास होण्यामागे काहीतरी कारण असतं, एवढंच म्हणतोय. कधी ते वाचनाचं वेड असतं. कधी फळ्यावरचं दिसत नसतं, कधी घरात बाप पीत असतो, कधी अक्षरंच डोळ्यांपुढे उलटसुलट होत असतात. शेरा मात्र सगळ्यांना एकच मिळतो.

रागाचा पत्ता चुकतो तेव्हा

इथवरचा इतिहास सोयीचा आहे. पोरं बंड करतात, काळ त्यांना बरोबर ठरवतो. पण दरवेळी असं होत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा पिळून निघाला होता. पदव्या घेतलेली पहिली-दुसरी पिढी गावात रिकामी बसली होती. उद्योग नाहीत, रेल्वे नांदेडला मीटरगेज आणि लातूरला बार्शी लाईटची नॅरोगेज. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात कॉलेजची पोरं रस्त्यावर आली. नोकऱ्या द्या, ब्रॉडगेज द्या, पाणी द्या. गरज स्पष्ट होती आणि मागणीही नेमकी होती. हातात फार थोडं पडलं.

मग २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि चार वर्षांपूर्वी विकास मागणारा रस्ता वेगळ्याच दिशेने पेटला. मोर्चे निघाले, बंद झाले, त्यांत विद्यार्थी पुढे होते. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. हजारो माणसं घरं सोडून गेली.

त्या मोर्चातल्या अठरा वर्षांच्या पोराची काही गरज होती का? होती. त्याला काम हवं होतं, आपली कुठंतरी किंमत हवी होती. ती गरज खरी होती. पण ज्याच्याकडे ती मागायची, ते सरकार लांब होतं. शेजारची वस्ती जवळ होती आणि दुबळी होती. तुझ्या वाट्याचं हे लोक घेतायत, असं सांगणारी मोठी माणसं गावातच होती. पोराचा राग त्यांना दिसला, आणि त्यांनी तो वापरला.

त्याच वेळी त्या जळालेल्या वस्तीतही कुणीतरी सोळा-सतरा वर्षांचं होतं. त्याची गरज याहून जुनी आणि याहून मोठी होती. आपल्याला शिकायला लावणाऱ्या माणसाचं नाव आपल्या विद्यापीठावर असावं, आणि ते मागितलं म्हणून आपलं घर जळू नये. त्या नावासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत, म्हणजे साडेपंधरा वर्षं थांबावं लागलं. ठरावाच्या दिवशी सोळा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा एकतिशीत होता.

म्हणून ‘वागण्यामागची गरज ओळखा’ म्हणताना दुसरं वाक्यही लगेच म्हणावं लागतं. गरज ओळखणं म्हणजे वागणं माफ करणं नव्हे. जाळणाऱ्या हाताला थांबवायचंच असतं. पण तो हात रिकामा का होता, हे विचारलं नाही तर पुढच्या वेळी कुणीतरी त्यात पुन्हा काडेपेटी देतं.

घरांची मापं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बसवलेल्या गावांनी विसर्जन केलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं मेली.

पुनर्वसन मोठं झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. याद्या झाल्या, वाटप झालं. पण ज्या मुलाने आईला ढिगाऱ्यातून काढलं, त्याला काय हवं आहे, यासाठी यादीत रकाना नव्हता. असं पोर काही महिन्यांनी शाळेत खोड्या काढू लागतं, मारामारी करतं, रात्री झोपत नाही, वर्ग सोडून जुन्या गावाच्या जागी जाऊन बसतं. जगभर आपत्तींनंतर हे दिसलेलं आहे.

यावरचा सगळ्यात मोठा अनुभव इंग्लंडकडे होता. १९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलवलं, त्यांत मुलंच जास्त. जीव वाचावा हाच हेतू. पण अनोळखी घरांत ठेवलेली काही मुलं चोऱ्या करू लागली, पळून जाऊ लागली. डोनाल्ड विनिकॉट नावाच्या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने ऑक्सफर्डशायरमध्ये अशा मुलांसोबत काम केलं. त्यातून त्यांनी मांडलेला विचार उलटा वाटतो, पण विसरता येत नाही. त्यांच्या मते त्रास देणाऱ्या मुलाने अजून आशा सोडलेली नसते. एकदा आपल्याकडे होतं आणि हिरावलं गेलं, ते कुणीतरी परत देईल, या आशेवर ते दार ठोठावत असतं. ठोठावण्याची रीत वाईट असते, एवढंच. विनिकॉटचेच समकालीन जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास छापला. त्यांतली १४ मुलं कुणाशीच जीव न लावणारी होती, आणि त्या चौदांपैकी बारा जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेले होते. अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण मुलाच्या वागण्याकडे बघायची दिशा बदलली.

भूकंपानंतर मराठवाड्यातही काहींनी चौरस फुटांपलीकडे पाहिलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेलं, वाघोलीत त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं. नावातच गरज ओळखलेली होती. मुलांना छप्पर तर हवंच होतं. त्यासोबत ‘आपलं’ म्हणता येईल असं कुणीतरी हवं होतं.

शांत झालेली पोरं

याच काळात लातूरने मराठवाड्याची सगळ्यात जुनी तक्रार स्वतःपुरती सोडवली. ‘आमची पोरं मागे पडतात’ ही ती तक्रार. दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू १९७० चं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या प्राध्यापकांनी एक पद्धत बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, सराव परीक्षांवर परीक्षा घ्यायच्या, चुका दाखवून पुन्हा लिहून घ्यायचं. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं रांगेने दिसू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तयार झाला. पाऊस भरवशाचा नाही, कारखाना नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशा घरातल्या पोराला डॉक्टर-इंजिनिअर होण्याची शिडी मिळाली. माझ्यासारखे मराठवाड्यातले कित्येक जण अशाच शिडीवरून चढून आज लॅपटॉपपुढे बसलेत. तिला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

पण एक गरज इतकी पूर्ण भागवली गेली की बाकीच्या गरजांना बोलायला जागा उरली नाही. आज लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या क्लासेसच्या भागात संध्याकाळी उभं राहा. पाठीवर बॅग, हातात डबा, दहा बाय दहाच्या खोलीकडे निघालेली पंधरा-सोळा वर्षांची शेकडो पोरं दिसतील. ती संप करत नाहीत, उलट बोलत नाहीत. मोठ्यांना हे बरं वाटतं. मग एक दिवस घरी फोन जातो : पोरगं महिनाभर क्लासला आलंच नाही. किंवा रात्रभर मोबाइलवर गेम खेळतं. किंवा नुसतं रडतं, काही सांगत नाही. ‘नाटकं करतो’, ‘लाखभर रुपये भरलेत’, ‘मोबाइलने वाटोळं केलं’. शेरा नवा, सवय जुनीच.

सॉफ्टवेअरच्या कामात स्क्रीनवर एरर आला की कुणी प्रोग्रामला रागावत नाही. आधी लॉग उघडून वाचतात, कारण एररचा संदेश म्हणजे बिघाड नव्हे, बिघाड कुठं आहे याची खूण असते. आणि सगळ्यात भीती वाटते ती एरर न देता चुकीचं चालत राहणाऱ्या प्रोग्रामची. पोरं प्रोग्राम नसतात, त्यांचा लॉग असा उघडता येत नाही, त्यासाठी शेजारी बसावं लागतं. पण गप्प पोराला ‘शहाणं’ समजण्यात तोच धोका आहे.

मुलींचं तर या सगळ्या इतिहासात नावही कमी येतं, कारण त्यांच्या बंडाला वेळच दिला गेला नाही. मुलगी उलट बोलू लागली, की स्थळं बघायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण याहून बरंच जास्त आहे. १०९८ ला फोन करून स्वतःचं लग्न थांबवणारी मुलगी गावात ‘उद्धट’ ठरते. खरं तर तिची मागणी १९३८ च्या पोरांइतकीच साधी असते. शिकू द्या.

सरकारी कागदावर काही दारं उघडली आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग क्लासेससाठी सूचना काढल्या. सोळाच्या आतल्या मुलांना प्रवेश नको, समुपदेशनाची सोय हवी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हे वाचताना तुम्हाला स्वतःला किंवा रूममेटला त्याची गरज वाटत असेल, तर तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

पण दार असणं आणि ते दाखवणारं माणूस असणं यात फरक आहे. नागपूरला कुणीतरी प्रवेशाच्या अर्जावर सही केली होती. प्रतिभा निकेतनमध्ये कुणीतरी नापास मुलाला वर्ग दिला होता. नळदुर्गला कुणीतरी ‘आपलं’ हा शब्द निवडला होता. या माणसांकडे मानसशास्त्राची पदवी असेलच असं नाही. समोरच्या पोराला सुधारण्याआधी त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, एवढं खरं.

तुमच्यापैकी बरेच जण आता त्या जागी आहात. तुम्ही कुणाचे तरी दादा आहात, कुणाची तरी ताई आहात. गावाकडून आईचा फोन येतो : ‘धाकट्याला जरा समजाव, अगदीच हाताबाहेर गेलाय.’ समजवायला नंतर वेळ आहे. आधी त्याला फोन लावा आणि मार्कांबद्दल काहीही न बोलता विचारा, तिकडे जेवण कसं आहे, झोप लागते का, बोलायला कुणी आहे का. पहिल्या फोनला तो ‘ठीक आहे’ म्हणेल. आठवड्याने पुन्हा लावा.